कवड्यांच्या रेघा

दिवसभरात माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द म्हणजे "काढा". मंगळसूत्र काढा, कानातलं काढा, कमरेचा करगोटा काढा, त्याला अडकवलेली सेफ्टी पिनसुद्धा काढा. धाराशिवच्या एका सीटी स्कॅन सेंटरवर मी टेक्निशियन आहे. माणूस मशीनच्या त्या गोल तोंडातून आत जाताना अंगावर धातूबितूचं काही राहिलं, तर पडद्यावर त्या जागेवरून पांढऱ्या रेघा फुटतात आणि आजूबाजूचं सगळं झाकून टाकतात. आजार नेमका तिथंच दडलेला असला तर डॉक्टरांनी बघायचं काय? म्हणून काढा. लोक कुरकुर करतात. नव्यानं लग्न झालेल्या मुली मंगळसूत्राला हात लावून नवऱ्याकडं बघतात. म्हातारे म्हणतात, हा ताईत आजवर कुणी काढायला सांगितला नाही. मी ऐकून घेत नाही.

शेजारच्या चाचींचंही मी ऐकलं नव्हतं. चाची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. छातीत दुखतं म्हणून त्यांचा स्कॅन होता आणि गळ्यातलं तावीज त्या काढेनात. चार लोकांसमोर मी त्यांना म्हणाले, "चाची, तावीज घालायचं असेल तर घरी बसा. फोटो काढायचा असेल तर काढून ठेवा." त्यांनी ते काढलं, रुमालात गुंडाळलं आणि मुठीत धरून बसल्या. स्कॅन स्वच्छ आला, पण त्या माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्या ईदला शिरखुर्मा आला खरा, पण डबा त्यांनी न बोलता ओट्यावर ठेवला आणि गेल्या.

मी फटकळ आहे. आईवर गेलेय, असं सगळे म्हणतात. ते मला आवडायचं नाही.

आई लोहाऱ्याला राहायची, भाऊ आणि वहिनीजवळ. ती आराधी. म्हणजे तुळजापूरच्या देवीच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ घालून घेतलेली बाई. माळ तिची स्वतःची नव्हे, सासूकडून आलेली. आजीचे पाय गेले आणि तिला जोगव्याला फिरता येईना, तेव्हा तिनं ती काढून आईच्या गळ्यात घातली. तेव्हा मी पाळण्यात होते. जाड दोऱ्यात ओवलेल्या पिवळट पडलेल्या कवड्या, आणि मधोमध देवीचा चांदीचा छोटा टाक. माळेचा आमच्या घरातला एकच नियम होता. ती रिकामी ठेवायची नाही. एक तर माणसाच्या गळ्यात, नाहीतर देवीच्या. खुंटीला, पेटीत, ताटात, कुठंच नाही. आंघोळीला, झोपेत, तापात, आईच्या गळ्यातून ती उतरलेली मी कधी पाहिली नाही. दोरा झिजला की तुळजापूरला जाऊन नव्या दोऱ्यात ओवून घ्यायची. तेवढा वेळसुद्धा ती त्यातली एक कवडी गळ्याशी धरून बसायची.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती हातात परडी घेऊन अनवाणी बाहेर पडायची आणि पाच घरी जोगवा मागायची. ओंजळभर पीठ, चिमूटभर मीठ. घरी आणून त्याचीच भाकरी करायची. आमचे वडील तहसील कचेरीत कारकून होते, घरात काही उणं नव्हतं. आणि त्या पाच घरांत एक घर माझ्या वर्गातल्या मुलीचं होतं. एकदा मी त्यांच्या ओसरीवर अभ्यासाला बसलेले असताना दारात "उदो" ऐकू आलं. मी वही घेऊन आतल्या खोलीत गेले आणि आई जाईपर्यंत बाहेर आले नाही. तिनं माझ्या चपला दारात पाहिल्या असणार. घरी गेल्यावर मीच उलटी तिच्यावर तापले. "आपल्याला काय कमी आहे गं, दारोदार मागायला?"

ती पीठ चाळत होती. म्हणाली, "कमी हाय म्हून मागत न्हाय बाय. मागायचं म्हून मागायचं. आपुन कुनाच्या दारात वाकलो न्हाय, तर मान ताठ हुती."

मला ते पटलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, धाराशिवला घर केलं. आई आली की माळ पदराखाली घे, असं मी तिला सांगायचे. ती घ्यायची आणि पुन्हा विसरायची.

नवरात्रात आराध्यांचा मेळा बसायचा. आई त्यात पुढं गाणारी. नऊ दिवस गाऊन तिचा घसा दरवर्षी बसायचा. दसऱ्याला ती नुसती कुजबुजायची, आणि दिवाळीच्या फराळापर्यंत आवाज परत यायचा. आमच्याकडं त्याची थट्टा चालायची. भाऊ म्हणायचा, आता पंधरा दिवस घरात शांतता.

गेल्या वर्षी दिवाळी गेली तरी आवाज आला नाही. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वय झालं, यंदा मेळा मोठा होता, थंडी लवकर पडली. कारणांना काय तोटा. जेवणाचंही तसंच झालं. आमच्या भागात भाकरी कुस्करून खाणं हीच रीत. आमटीत कुस्करा, दुधात कुस्करा. म्हातारं माणूस ताटात काला करून बसलं, तर त्यात कुणाला काय दिसणार? आई आधी आमटीत कुस्करायची. मग दुधात कुस्करायला लागली, मग जास्त दुधात, मग नुसतं दूध, मग आंबील. भाकरी तिच्या ताटातून एकेक पायरी उतरत गेली आणि घरातल्या कुणालाही त्यात बदल दिसला नाही. दिसला असता तर तो मला दिसायला हवा होता. महिन्याला दोनदा मी लोहाऱ्याला जायचे, तिच्या शेजारी बसून जेवायचे. इतरांच्या छातीत काय लपलंय ते बघणं हे माझं काम. तिच्या ताटात काय चाललंय ते मी बघितलं नाही.

संक्रांतीला वहिनीचा फोन आला. आईला खोकला लागलाय, पाणी पितानासुद्धा ठसका बसतो, लुगडं अंगावर राहत नाही एवढी वाळलीय. मी भावाला म्हणाले, उद्याच्या जीपमध्ये बसवून आण.

आमच्या सेंटरच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं. ते शांत, कमी बोलणारे गृहस्थ, चित्रं वाचण्यात त्यांची हयात गेली. म्हणाले, आधी छातीचा कमी डोसचा स्कॅन करू. कमी डोस म्हणजे किरणांची मात्रा नेहमीपेक्षा बरीच कमी. चित्र थोडं दाणेदार येतं, बारीक रवा सांडल्यासारखं, पण आता मशीनमधला संगणक ते पुसून साफ करतो. नुसती हाडं उरलेल्या माणसाला तेवढी मात्रा पुरते, आणि पुढं पुन्हा पुन्हा स्कॅन लागले तर अंगावर ओझं पडत नाही. एवढ्या थोडक्यात एवढं दिसतं, याचा मला अभिमान होता.

डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

आईच्या आधी मीच बोलले. "नवरात्रापासून. मेळ्यात गाते ना. दरवर्षी बसतो." त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग मी तिला टेबलावर निजवलं. बांगड्या काढल्या, जोडवी राहू दिली. माळेपाशी हात गेला आणि थांबला. आईनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, चाचींना चार माणसांत बोलणारी मी, म्हणाले, "राहू दे. वर सरकवते." माळ हनुवटीकडं ढकलली, पदर नीट केला आणि काचेमागं गेले. खोकल्यासाठी फुप्फुसं बघायची आहेत, ती खाली आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तिच्यासमोर तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही.

आमच्या मशीनमध्ये श्वासाच्या सूचना माझ्याच आवाजात भरलेल्या आहेत. श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा. टेबल बाहेर आलं तेव्हा आई हसत होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आतमधी तूच बोललीस की गं. लई गोड बोलतीस तिथं. घरी बी तसंच बोलत जा."

पडद्यावर फुप्फुसं ठीक होती. त्यांच्या मधे, श्वासनलिकेच्या मागं आणि मणक्याच्या पुढं, अन्ननलिका असते. निरोगी माणसाची इतकी पातळ आणि चपटी असते की शोधावी लागते. आईची शोधावी लागली नाही. छातीच्या मध्यावर तिची भिंत जाड झालेली होती, आणि आतली पोकळी, जिच्यातून घास जायचा, एका बाजूला चिमटून ठिपक्याएवढी उरली होती. इथल्या जड पाण्यानं जुन्या नळात आतून क्षार धरतो आणि धार बारीक होत जाते, तसं. असलं चित्र मी पूर्वीही पाहिलंय, आणि बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना म्हणालेय, "रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर सांगतील." टेक्निशियननं सांगायचं नसतं. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझाच भाऊ बसला होता. त्यालाही मी तेच सांगितलं.

सोलापूरला दुर्बीण घालून तुकडा काढला. आठवड्यानं नक्की झालं. अन्ननलिकेचा कॅन्सर.

तिथल्या सर्जननी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. रोग नलिकेतच असेल, तर आधी औषधं आणि किरणं देऊ, गाठ लहान झाली की ऑपरेशन करू. तो भाग काढून टाकता येतो, वय झालं असलं तरी तब्येत काटक आहे, भाकरी पुन्हा खाता येईल. पण रोग भिंतीबाहेर पडून वरच्या गाठींत गेला असेल, आवाजाच्या नसेला धरून बसला असेल, तर ऑपरेशनचा उपयोग नाही. मग त्रास कमी करायचा, एवढंच. कुठवर पोचलाय ते स्कॅनमध्ये दिसायला हवं. आणि मग आमची सीडी संगणकात घालून ते म्हणाले, "वरचा भाग तर दिसतच नाहीये. हे काय आहे गळ्यापाशी?"

पडद्यावर गळ्याच्या मुळाशी पांढरे ठिपके होते, ओळीनं, फुलासारखे. त्यांच्यातून रेघा फुटल्या होत्या, आडव्या, उभ्या, तिरक्या. माळ खाली घसरली होती. जिथं बघायला हवं होतं नेमकं तिथं कवड्या आणि टाक चमकत होते, आणि त्यांच्या मागं काय आहे ते कुणालाही सांगता येत नव्हतं. भावाला काही कळलं नाही. आईला कळलं. तिनं पदर गळ्यावर ओढून घेतला.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. पहिल्या रिपोर्टात त्यांनी लिहिलंच होतं, वरचा भाग नीट दिसत नाही, पुन्हा करावा. मी ते वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या कुणाची आई असती तर तुम्ही अशी सोडली असती का?"

मी फाइलमधून पहिला रिपोर्ट काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"शिरेतून औषध देऊन वरचा भाग पुन्हा घेऊ," ते म्हणाले. "डोस कमीच ठेवू. पण कमी डोसमध्ये दाणे असतातच, त्यात रेघा आल्या तर मी आंधळाच. माळ नको."

शुक्रवारी आई पुन्हा आली. चढावरून चालत आल्यासारखी दम खात होती. तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाले, "आई, माळ काढावी लागेल."

"काढ की," ती म्हणाली. "म्या कुठं न्हाय म्हनली? पर ठिवनार कुठं?"

"ताटात ठेवते. स्वच्छ ताट आहे."

"रिकामी न्हाय ठिवायची."

"दहा मिनिटं, आई."

"दहा मिनिटं बी न्हाय."

बाहेरच्या खोलीत देवीचा फोटो आहे, त्याला घालू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "फोटूला मान कुठाय?" हसू आलं तसा तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. मी तिची पाठ चोळत उभी राहिले. हाताला एकेक मणका लागत होता. बाहेर पेशंट खोळंबले होते, डॉक्टर दोनदा दारावर टकटक करून गेले होते. आणि मला राग येत होता, तिचा नव्हे, स्वतःचाच. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर आज तिला ही सुई टोचून घ्यावी लागली नसती, आणि आमचा एवढे दिवस टांगणीला लागलेला जीव एकदाच काय तो जमिनीवर आला असता.

"माझ्या गळ्यात घाल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "घालशील? लाज वाटती न्हवं तुला?"

ओसरीवरच्या त्या चपला तिच्या लक्षात होत्या. मी खाली मान घातली. लाजेनं घातली की माळेसाठी, तिनं त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे. तिनं माळ काढली, कपाळाला लावली, घोगऱ्या आवाजात "उदो" म्हणाली आणि माझ्या गळ्यात घातली. कवड्या तिच्या अंगानं गरम होत्या. टाक उलटा झाला होता, तो तिनं सरळ केला.

आणि मी तिचा गळा पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा उघडा पाहिला. माळेच्या जागी कातडीचा एक फिकट पट्टा होता, उन्हाचं बोटही न लागलेला, लहान मुलीच्या कातडीसारखा. वर आणि खाली रापलेली, सुरकुतलेली म्हातारी बाई आणि मधे तो पट्टा.

तिला घोटभर पाणी द्यायचं होतं, नलिका थोडी उघडावी म्हणून. घोट तिनं तीनदा करून गिळला. मग मी काचेमागं गेले. माझाच आवाज आतून तिला सांगत होता, श्वास घ्या, रोखून धरा. माझ्या गळ्यातल्या कवड्या संगणकाच्या टेबलावर टेकून टकटक वाजत होत्या, तेव्हा मी एका हातानं त्या छातीशी धरल्या.

चित्र आलं. एकही रेघ नव्हती. दाणे होते, पण इतके बारीक की नसल्यासारखे. डॉक्टर माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. श्वासनलिकेच्या डाव्या अंगाला गाठी होत्या, दोन ठळक, एक लहान. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी जिथं कमानीसारखी वळते, तिच्याखाली आणखी एक. तिथूनच आवाजाची नस खालून वळसा घालून पुन्हा वर गळ्याकडं जाते. ती जागा मला पाठ आहे. डॉक्टरांनी माउसचा बाण त्या गाठीवर नेऊन ठेवला. बराच वेळ तो तिथंच राहिला.

"आवाज," ते हळू म्हणाले.

म्हणजे नवरात्राचा दोष नव्हता. मेळ्याचा नव्हता. गाणं गाऊन बसलेला घसा म्हणून आम्ही सगळे हसलो, मी डॉक्टरांनाही तसंच सांगितलं, आणि तो सगळा वेळ ही गाठ त्या नसेवर बसून होती. मला तेव्हा रडू आलं नाही. घरी गेल्यावर आलं, न्हाणीघरात, नळ सोडून. तिथं काचेमागं फक्त एवढं कळत होतं की ऑपरेशन होणार नाही. भाकरीची आशा संपली. आणि हे या इमारतीत आम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि आत टेबलावर निजलेल्या बाईला ते नियमाप्रमाणे मी सांगायचं नाहीये.

मी आत गेले, तिच्या हातातली सुई काढली, कापूस दाबून धरला. तिला उठवून बसवलं.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

माझं तोंड उघडलं, पण ते वाक्य येईना. तीच मदतीला आली. "रिपोर्ट यिऊ द्या, डाक्टर सांगतील. आसंच म्हनतीस न्हवं सगळ्यांला?"

"हो."

"बरं. मग त्येंनाच सांगू दे."

मी माळ काढायला हात वर केले. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर उरलेला नव्हता, तरी मला हात खाली घ्यावा लागला.

"आसू दे तुझ्याच गळ्यात," ती म्हणाली. "काचंतनं तुझं त्वांड दिसलं मला."

मी म्हणाले, "तू बरी झालीस की परत घाल."

"व्हय," ती म्हणाली. लहानपणी मी बाजाराच्या दिवशी तिच्या पदराला लोंबायचे, तेव्हा ती मला याच सुरात "व्हय, आनते" म्हणायची.

ऑपरेशन झालं नाही. सोलापूरला किरणं झाली, औषधं झाली. काही आठवडे नाकातून नळी होती आणि तिच्यातून दूध, डाळीचं पाणी जायचं. ती माझ्याकडंच राहिली. मधे एकदा आमच्याच मशीनवर पुन्हा कमी डोसचा स्कॅन घेतला. नलिकेतली गाठ थोडी आखडली होती, वरच्या होत्या तिथंच होत्या. नळी निघाली. पातळ काही असेल तर सावकाश, थेंबाथेंबानं देऊन बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझं दूध, माझी पेज, माझे फळांचे रस, काही तिला जाईना. खरं तर ती घोट घ्यायलाच धजत नव्हती. तोंडात धरायची आणि मग चुळीच्या भांड्यात टाकून द्यायची. रोज मी बाहेर शांतपणे ते भांडं धुवायचे, आणि दिवसभर सेंटरवर सगळ्यांवर ओरडायचे.

माळ माझ्या गळ्यात होती. कामावर ती कुडत्याच्या आत. आईनं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. जोगव्याबद्दल तर नाहीच. मंगळवार यायचा, जायचा. फक्त त्या दिवशी ती सकाळी दाराकडं तोंड करून निजायची.

चैत्रात वहिनी भेटायला आली, तेव्हा तिनं न सांगता आईची परडी आणली आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. दोन दिवस मी तिच्या आजूबाजूनं वावरले. मंगळवारी सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी मी आंघोळ केली, माळ कुडत्यावर काढली, चपला दारात ठेवल्या आणि परडी घेऊन बाहेर पडले. आईला सांगितलं नाही.

आमची नोकरदारांची कॉलनी. समोर बँकेतले, पलीकडं शिक्षक, कोपऱ्यावर वकील. यांतल्या निम्म्यांचे स्कॅन मी केलेत. पहिल्या दारात "उदो" म्हणताना माझा आवाज आईपेक्षा बसलेला निघाला. बँकेतल्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि तिला वाटलं काही काम आहे. "सीटीवाल्या मॅडम, या ना, बसा." मग तिची नजर परडीवर गेली. ती आत गेली आणि दोन्ही हातांनी पीठ घेऊन आली. मी वाकले. जमीन तेव्हाच तापायला लागली होती, पाय भाजत होते, आणि कान त्याहून जास्त.

चार घरं झाली. पाचवं वकिलांचं धरलं होतं, तर त्यांच्या दाराला कुलूप. मी परत फिरले आणि चाचींच्या दारावरून खाली मान घालून जाऊ लागले. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या.

"आमचं घर दिसलं नाही वाटतं," चाची म्हणाल्या.

मी थांबले. म्हणाले, "चाची, तुम्हाला चालेल की नाही..."

"माझं तावीज काढायला लावलं होतं तुम्ही. भर लोकांत." त्यांनी माझ्या गळ्याकडं बोट केलं. "अन् हे काय?"

"आईचं आहे," मी म्हणाले. "चाची, तेव्हा माझं चुकलं. काढायला लावलं ते नाही, बोलले ते."

त्या हातातलं सूप खाली ठेवून आत गेल्या. ज्वारीचं ताजं पीठ वाटी भरून घेऊन आल्या आणि परडीत ओतलं. "अम्मीला सांगा, चक्कीवरून कालच आणलंय. लई बारीक दळलंय."

घरी येऊन मी पाचही घरचं पीठ एकत्र केलं. काही ज्वारीचं, काही गव्हाचं. ताकात कालवलं, शिजवलं, मीठ घातलं आणि स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळलं. आंबील पाण्याइतकी पातळ झाली. वाटी घेऊन मी आईजवळ गेले. तिनं आधी माझे पाय बघितले, धुळीनं भरलेले. मग परडी बघितली.

"किती?" तिनं विचारलं. आवाज नव्हताच, ओठांवरून कळलं.

"पाच. पाचवं चाचीचं."

तिनं उशीवर मान उंच केली. मी चमचा भरून तोंडाशी नेला. तिनं तो घेतला आणि नेहमीसारखा तोंडात धरून ठेवला. मी चुळीचं भांडं पुढं केलं नाही. तिच्या उघड्या गळ्याकडं बघत राहिले. तो फिकट पट्टा आता बाकीच्या कातडीसारखा व्हायला लागला होता. त्या पट्ट्याखाली काहीतरी हललं, वर गेलं, थांबलं आणि खाली आलं.

"ग्येलं," ती म्हणाली.

मी दुसरा चमचा भरला.